मानसोल्लासांतील मत्स्यविनोद आणि खानदेशच्या नद्यांतील गळ

कल्याणीच्या चालुक्यवंशांतील तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणि' हा ग्रंथ आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. पाकविधि, चित्रकर्म, गजशास्त्र, नृत्यगीत इत्यादि विषयांवर लिहिणारे विद्वान् त्याचा आधार वारंवार घेतात. मात्र चौथ्या विंशतींतील 'मत्स्यविनोद' नामक प्रकरण बहुतेकांनीं पानें उलटून मागें टाकलेलें दिसतें. कित्येकांस विषय ओवळा वाटला असेल, कित्येकांस क्षुल्लक. तो दोन्ही नव्हे, असें आमचें मत आहे. आणि खानदेशच्या नदीकांठीं राहणारानें तरी तें प्रकरण समोरचें पाणी पाहत पाहत वाचावें, म्हणून हें टिपण लिहीत आहों.

ह्या प्रकरणाविषयीं दोन समजुती ऐकूं येतात. पहिली अशी कीं, काठी व गळ घेऊन मनोरंजनार्थ मासे धरणें हा साहेबाबरोबर आलेला छंद असून एतद्देशीयांस केवळ जाळें ठाऊक होतें. दुसरी नेमकी उलट: साहेब जें जें करीत तें सर्व, पिसांच्या कृत्रिम माशीसुद्धां, आमच्या सोमेश्वरानें आठशें वर्षांपूर्वीं सांगून ठेविलें आहे. पहिली अज्ञानमूलक व दुसरी अभिमानमूलक असून दोहोंसहि ग्रंथाचा आधार नाहीं. सोमेश्वराचा गळ खरा आहे, परंतु तो आमिषाचा गळ आहे, माशीचा नव्हे. असें कां, ह्याचें उत्तर आमच्या मतें पोथींत जितकें आहे तितकेंच नदींत आहे.

प्रथम ग्रंथाविषयीं. सोमेश्वर भूलोकमल्ल याची कारकीर्द इ. स. ११२६ च्या सुमारास सुरू होऊन ११३८ पर्यंत चालली. ग्रंथांत ज्योतिषगणितासाठीं शके १०५१ हें वर्ष घेतलेलें असल्यामुळें रचनाकाल इ. स. ११३० च्या आगेंमागें पडतो. पांच विंशति व प्रत्येकींत वीस अध्याय अशी शंभर अध्यायांची मांडणी. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनीं त्याचें संपादन केलें. पहिला खंड १९२५ सालीं व दुसरा १९३९ सालीं निघाला, तिसरा पुढें १९६१ सालीं. हा ग्रंथ कल्याणीचा, मग खानदेशाशीं त्याचा संबंध काय, असें कोणी विचारील. चाळीसगांवाजवळील वाघळी येथील शके ९९१ चा शिलालेख पाहावा. सेउणदेशाचे यादव त्या काळीं चालुक्यांचे मांडलिक होते व त्यांचा अंमल गिरणेच्या खोऱ्यांत होता. राजदरबारीं जी करमणूक मान्य, ती मांडलिकाच्या घरीं अगदींच अज्ञात असेल असें मानण्याचें कारण नाहीं. याहून अधिक आम्ही म्हणत नाहीं.

मत्स्यविनोदांत राजा प्रथम माशांची वर्गवारी करतो: समुद्रांतले व नदींतले, खवल्यांचे व नुसत्या चामड्याचे, मोठे, मध्यम व लहान. मग कोणता मासा काय खातो व त्यास कशानें पुष्ट करावा तें सांगतो. तिळाची पेंड, पिठाचे गोळे, मांसाचे तुकडे असें खाद्य ठराविक जागीं घालून मासे त्या जागेस सोकावूं द्यावे, नंतर गळ टाकावा. दोरी, काठी, गळ, आमिष व लागलेला मासा ओढून काढण्याची रीत इतकें सर्व येतें. श्येनविनोद, सारमेयविनोद, मृगविनोद यांच्याच पंक्तीला हा विनोद बसविला आहे, म्हणजे पोटासाठीं मासे मारण्याचा धंदा येथें अभिप्रेत नसून कौशल्याचा खेळ अभिप्रेत आहे. पहिल्या समजुतीचें निरसन एवढ्यानें होतें. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञानें प्राचीन भारतीयांच्या मत्स्यज्ञानावर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत १९४८ पासून निबंध लिहिले: पहिला कौटिलीय अर्थशास्त्रावर, दुसरा अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखावर, आणि तिसरा १९५१ सालीं ह्याच मत्स्यविनोदावर. संस्कृतज्ञांनीं करावयाचें काम एका प्राणिशास्त्रज्ञानें आधीं केलें, ही गोष्ट आम्हां पंडितवर्गास फारशी भूषणावह नाहीं.

आतां दुसरी समजूत. कृत्रिम माशीचा गळ म्हणजे लोकर, रेशीम व पक्ष्याचें पीस गळाच्या आंकड्यावर बांधून त्यास पाण्यावर उतरणाऱ्या किड्याचें रूप देणें. ह्या माशीस वजन नसतें. दोरीच्याच भारानें ती लांब फेंकावी लागते आणि वाहत्या पाण्यावरून खऱ्या किड्यासारखी वाहूं द्यावी लागते. पाश्चात्यांकडे हिचा जुना उल्लेख इ. स. २०० च्या सुमाराच्या ईलियन या ग्रंथकाराचा आहे. मासेदोनियांतील अस्त्रैयस नदीवरील लोक तांबडी लोकर व कोंबड्याचीं पिसें आंकड्यास बांधून ठिपकेदार मासे धरीत, असें तो लिहितो. इंग्लंडांत १४९६ सालीं छापलेल्या गळविषयक प्रबंधांत बारा माश्या सांगितल्या आहेत, आणि त्या मार्च ते ऑगस्ट ह्या महिन्यांत वांटून दिल्या आहेत. वाचकांनीं हें महिन्यांचें वांटप ध्यानांत ठेवावें. त्या थंड नद्यांत पाण्यांतले किडे ठराविक महिन्यांत पंख फुटून वर येतात, मासा त्या त्या महिन्यांत तोच किडा टिपतो, म्हणून माशीची निवड पंचांगाप्रमाणें चालते.

आमच्या कोशांत अशा माशीस शब्द नाहीं. अमरकोशाचा वारिवर्ग काढून पाहिल्यास कोळ्यांच्या उपकरणांचीं नांवें एकत्र सांपडतात: आनाय व जाल, शणसूत्र व पवित्रक, मासे ठेवण्याची कुवेणी, आणि गळास बडिश व मत्स्यवेधन. आमिष शब्द आहे, परंतु कृत्रिम आमिषाचें निराळें नांव आढळत नाहीं. (मराठींत 'मासा' व 'माशी' हे शब्द जुळे वाटले तरी एक मत्स्यापासून व दुसरा मक्षिकेपासून आलेला आहे, त्यांच्या सख्यावरून कोणी सिद्धांत उभारूं नये.) आमच्या अध्यापनकालीं आम्ही हा वर्ग मुलांकडून घोकून घेत असूं. 'बडिश' म्हणजे काय हें वर्गांतील एकासहि सांगतां आलें नाहीं, तेव्हां मागच्या बांकावरील एका भोयाच्या मुलानें दुसऱ्या दिवशीं वडिलांचा गळ कागदांत गुंडाळून आणला. आमच्या संग्रहीं असलेल्या कोणत्याहि टीकेपेक्षां तें व्याख्यान सरस होतें.

शब्द नसण्याचें कारण आमच्या मतें पाण्यांत शोधावें लागतें. खानदेशांत दोन पर्वतांच्या नद्या उतरतात. सह्याद्रीकडून गिरणा, मोसम, पांझरा, कान, बुराई. सातपुड्यांतून गोमाई, अरुणावती, अनेर, सुकी. त्या सर्व अखेर तापीच्या पोटांत जातात. इंग्लंडांतील किंवा काश्मिरांतील डोंगरी नदीचा उन्हाळा म्हणजे वितळलेल्या बर्फाचें किंवा झऱ्यांचें थंड वाहतें पाणी. आमच्या डोंगरी नदीचा उन्हाळा म्हणजे पाण्याचा अभाव. आश्विनांत गाळ बसून पाणी निवळतें, कार्तिक ते पौष खळाळ चालू असतात, माघांत धार बारीक होते, फाल्गुनांत तुटते, आणि चैत्र-वैशाखांत नदी म्हणून जें राहतें तें वाळूच्या पट्ट्यांत दूर दूर पडलेल्या डोहांची माळ. जळगांव-भुसावळकडे ह्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. उथळ पाणी दुपारीं हातास ऊन लागतें. मासा त्या वेळीं खडकाच्या कपारींत किंवा कांठच्या झाडाच्या सावलींत, डोहाच्या तळाशीं, हलेनासा होऊन राहतो. फार तर पहांटे व दिवेलागणीस वर येतो.

अशा निश्चल पाण्यावर वाहती माशी कशी चालावी? जेथें धार नाहीं तेथें किडा वाहत नाहीं, आणि पिसाची लबाडी स्वच्छ, स्थिर पाण्यांत मासा सहज ओळखतो. उलट डोहांत कोंडलेला मासा जें वरून पडेल त्यावर जगतो: उंबराचें फळ, पिकून गळलेलें जांभूळ, नाकतोडा, कांठीं धुतलेल्या भांड्यांतील शितें. म्हणून एकाच जागीं रोज खाद्य टाकून मासे सोकावण्याची सोमेश्वराची युक्ति ह्या डोहाच्या उन्हाळ्यास चपखल बसते. महाडनजीक काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. तेथील मासे देवीचे मानले जाऊन त्यांस कोणी धरीत नाहीं, आणि यात्रेकरूंनीं टाकलेलें खाद्य घेण्यास ते कांठाशीं गर्दी करतात. राजाच्या मत्स्यविनोदांतील पूर्वार्ध तेथें आजहि पाहावयास सांपडतो. उत्तरार्ध देवीच्या धाकानें घडत नाहीं इतकेंच.

किड्यांचा पूर आमच्याकडे येत नाहीं असें नव्हे. तो येतो मृगाच्या पहिल्या सरीला, वाळवीस पंख फुटतात तेव्हां. त्या संध्याकाळीं पाण्यावर पंख पडतात आणि अळकुटासारखी लहान मासळी पाणी उकळल्यासारखी वर उसळते. परंतु तो सोहळा थोड्या दिवसांचा. लगोलग नदी गढूळ होऊन लोटते, मासे चढणीस लागतात, आणि मग माणसें गळ सोडून जाळें व टोपली घेऊन बांधाच्या तोंडाशीं बसतात. बारा महिन्यांच्या बारा माश्या सुचाव्या असा अवसरच येथें ऋतूनें दिलेला नाहीं. पांझरा व कान ह्यांवरील जुन्या फडबंधाऱ्यांच्या मागें जें पाणी तुंबून राही, त्यासहि हेंच लागू: स्थिर पाणी, सोकावलेला मासा, पिठाचा गोळा.

साहेबांच्या अनुभवानेंहि ह्यास पुष्टि मिळते. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याचें हिंदुस्थानांतील गळविद्येवरील पुस्तक १८७३ सालीं मंगळूर येथें छापलें गेलें. महासीर हा त्याचा मुख्य विषय. हा मासा माशीस लागतो हें त्यानें सांगितलें. परंतु ह्या छंदांतील मंडळीचा पुढचा एकंदर अनुभव असा कीं, माशीचें राज्य निवळलेल्या वाहत्या पाण्यांत व लहान-मध्यम माशांवर, आणि मोठ्या माशासाठीं चमचा किंवा मेलेली मासोळी फिरविणें. खास माशीसाठीं जो ट्राउट मासा हवा, त्यास थंड पाणी लागतें. म्हणून तो इ. स. १९०० च्या सुमारास काश्मिरांत व पुढें निलगिरींत आणून सोडावा लागला. खानदेशांत त्याचा निभाव लागणें अशक्यच होतें.

येथवर गळाचें झालें. आमच्या दृष्टीनें खरा अवघड प्रश्न माशांच्या नांवांचा आहे, आणि संशोधकांचें साहाय्य हवें तें तेथेंच.

महासीर मासा प्रथम मानसोल्लासांत वर्णिला आहे, असें अलीकडील अनेक लेखांत निःशंकपणें लिहिलेलें असतें. हा निर्णय इतक्या सहजीं घेण्यासारखा नाहीं. 'महासीर' शब्दाची व्युत्पत्ति कोणी महाशिर, कोणी महाशल्क, कोणी फारशी माही व शेर अशी लावतो. फारशी व्युत्पत्ति आम्हांस शिकाऱ्यांच्या तंबूंत जन्मलेली वाटते. 'महाशल्क' हा शब्द मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धद्रव्यांमध्यें येतो खरा. परंतु तो मासा कोणता ह्याविषयीं टीकाकारांचेंच एकमत नाहीं. पाठीन, रोहित, सिंहतुंड हीं नांवेंहि मनूच्या पांचव्या अध्यायांत भक्ष्य माशांत आहेत. तेव्हां एखाद्या विद्वान् राजाच्या ग्रंथांत अशीं नांवें आलीं, तर तीं त्याच्या नदींतून आलीं कीं त्याच्या स्मृतिपाठांतून, हें आधीं ठरविलें पाहिजे. ह्याच न्यायानें मत्स्यविनोदांतील जीं नांवें संस्कृत कोशांत सांपडत नाहींत तीं अधिक मोलाचीं. 'सोर' हें समुद्रमत्स्याचें नांव घ्या: तमिळ 'सुरा' व तेलुगु 'सोर्र' म्हणजे आमच्या किनाऱ्यावरील मुशी. हें नांव राजानें पोथींतून घेतलें नाहीं, कोळ्याच्या तोंडून घेतलें.

रोहिताचें उदाहरण विशेष बोधप्रद आहे. आज जळगांवच्या बाजारांत रोहू मुबलक दिसतो, म्हणून मानसोल्लासांतील 'रोहित' म्हणजे हाच, असें वाचकास सहज वाटेल. पण रोहू मूळचा गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधु ह्या उत्तरेकडील नद्यांचा. दख्खनच्या पाण्यांत तो मागाहून सोडलेला, आणि धरणांच्या जलाशयांत त्याचें बीज टाकूं लागल्यापासून बाजारांत भरलेला. मग बाराव्या शतकांत कल्याणीच्या राजासमोर ताटांत आलेला रोहित कोणता? त्याच्या जवळच्या जातीचा एखादा दख्खनी मासा असावा असा आमचा तर्क आहे. याच्या उलट टोकाचा घोटाळा कर्नल विल्यम हेन्री साइक्स याच्या यादींत आहे. मुंबई सरकारच्या वतीनें पुणें, अहमदनगर, खानदेश व धारवाड ह्या चार जिल्ह्यांची माहिती गोळा करणारा हा गृहस्थ. त्यानें १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें, व लॅटिन नांवें देतांना पुष्कळ ठिकाणीं कोळ्यांनीं सांगितलेलेंच मराठी नांव वापरलें. त्यामुळें खुद्री, कोळस, बोबरी, गुंगवारी, कटरणी, शिंगटी, अळकुटी, बाळुकी हीं आमचीं नांवें सर्व जगाच्या प्राणिशास्त्रांत जाऊन बसलीं आहेत. त्याच यादींत 'रोहटी' म्हणून एक चपटी रुपेरी मासोळी आहे. तिचा रोहिताशीं नामसादृश्यापलीकडे कांहीं संबंध नाहीं. त्याचा 'चितुल' बंगालच्या चितळाहून अगदीं वेगळा. महासीराची जी दख्खनी जात, जिला आपल्याकडे खडशी किंवा खडची म्हणतात, तीच साइक्सची 'खुद्री'. ह्या एका शब्दांतील उच्चारांचे थर कोणी निवडून काढील तर आम्ही त्याचे ऋणी होऊं.

नांवाची चूक कागदावर राहते, तिनें बिघडतें काय, असें कोणी म्हणेल. कावेरीचें उदाहरण पाहावें. लोणावळ्याजवळ वळवण येथें १९७० नंतर टाटांच्या वीज कंपनीनें खुद्रीची पैदास यशस्वी केली, आणि तें बीज दूरदूरच्या नद्यांत सोडलें गेलें, कावेरींतहि गेलें. कावेरीचा स्वतःचा पाठीस उंचवटा असलेला प्रचंड महासीर निराळा होता. पण त्याचें शास्त्रीय नांव निश्चित झालें नव्हतें, तें २०१८ सालीं झालें. तोंवर नव्या माशानें जुन्यास बहुतेक हुसकून लावलें होतें. ज्यास नांव नव्हतें त्याचा कमीपणा कोणाच्या नोंदींत आला नाहीं.

खानदेशांतील स्थिति याहून दिलासा देणारी नाहीं. उन्हाळी डोहांत गेळाचें फळ, रामेठा, हिंगणबेट कुटून टाकून मासे गुंगविण्याची रीत जुनी आहे. १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्यानें विष व सुरुंग दोन्ही निषिद्ध केलीं, तरी दूरच्या डोहावर कायदा पोंचतो किती? गिरणेवरील मोठें धरण १९६९ सालीं व तापीवरील हतनूर १९८२ सालीं झालें. शेतीस त्यांचा उपयोग निर्विवाद. परंतु चढणीच्या माशाची वाट त्यांनीं अडविली. डोह गेला कीं त्या डोहाच्या माशाचें नांव उच्चारणारा म्हातारा भोई किंवा भिल्ल तें नांव उच्चारणें सोडतो. पोथी दोनशें वर्षें पेटाऱ्यांत पडून राहिली तरी पुन्हा वाचतां येते. ह्या नांवांस ती सवलत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति नेमकी आहे. मानसोल्लासाचें हस्तलिखित मिळणें दुर्मिळ, तें सांपडल्यास उत्तमच. परंतु अमरकोशाच्या पोथ्या घरोघर आहेत. धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ व समर्थ वाग्देवता मंदिर ह्यांसारख्या संस्थांतून किंवा खाजगी दप्तरांतून काम करतांना अमरकोशाची जी प्रत हातीं येईल, तिच्या पहिल्या कांडांतील वारिवर्गाचें पान अवश्य उघडावें. जुने शास्त्री समासांत मराठी प्रतिशब्द लिहून ठेवीत. पाठीन, मद्गुर, शफरी, शकुल, राजीव, चिलिचिम ह्या शब्दांसमोर काय लिहिलें आहे तें जसेंच्या तसें उतरावें. प्रत कोणत्या गांवची तें व लेखनशक असल्यास तोहि द्यावा. मद्गुराचा मांगूर व पाठीनाचा हिंदी पढिन हे आपणांस ठाऊक आहेत. इतरांचे वंशज शोधावयाचे आहेत. ह्याच शब्दांची यादी घेऊन नदीकांठींहि विचारावें, आणि नांवाबरोबर महिना, पाण्याची स्थिति व मासा कोणत्या आमिषास लागतो हेंहि टिपावें. अहिराणींत ळकाराचा यकार होतो, गळाचा गय व मासोळीची मासोयी होते, हें ध्यानांत ठेवून ऐकलेला उच्चार सुधारून लिहूं नये. समासांतील शब्द व कांठावरचा शब्द जेथें जुळतील अशी एखादी प्रत कोणास आढळल्यास तिच्या वारिवर्गाच्या पानाची प्रतिकृति मिळावी, अशी आमची इच्छा आहे. मत्स्यविनोदांतील नांवें आम्ही त्या पानाशीं ताडून पाहूं.